पाच मैलांतल्या बाटल्या

फुटक्या काचेला आपल्याकडे बांधकामात पहिलं मानाचं स्थान मिळालं ते कुंपणाच्या भिंतीवर. वरचा थर ओला असतानाच गवंडी घमेल्यातून एकेक तुकडा उचलायचा आणि टोक आभाळाकडे करून रोवत जायचा. सोडावॉटरच्या बाटल्यांचे हिरवे तुकडे, औषधाच्या बाटल्यांचे तपकिरी, तावदानांचे बिनरंगी. खाली घरमालक कमरेवर हात ठेवून उभा, "जरा दाट लाव रे" म्हणत. या काचांना भिऊन चोर परत गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. चोर फाटकातून येत, कारण फाटकाची कडी बाहेरूनही निघायची. मांजरं त्या काचांमधून नेमके पाय टाकत आरामात जात. रक्त निघायचं ते पतंगामागे धावणाऱ्या पोरांचं, आणि त्यांना धनुर्वाताच्या इंजेक्शनाआधी घरी दोन रपाटे मिळत.

आता या उद्योगाला 'शाश्वत बांधकामात पुनर्वापरित काचेचा उपयोग' असं भारदस्त नाव मिळालं आहे. त्यावर परिषदा भरतात, प्रबंध लिहिले जातात आणि बिल्डरच्या गुळगुळीत माहितीपत्रकात शेजारी हिरवं पान छापलं जातं. त्या गवंड्याला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर त्याने मजुरी वाढवून मागितली असती.

गंमत म्हणजे त्या काळी कुंपणापुरती फुटकी काच जमवायलाही दिवस लागत. घरात शिरलेली बाटली सहजासहजी बाहेर पडत नसे. हॉर्लिक्सच्या बाटलीत तूरडाळ जायची, कॉफीच्या बाटलीत जिरं. दवाखान्यात जाताना आपली बाटली आपणच न्यायची. कंपाउंडर तीत लाल औषध भरून वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी डकवून द्यायचा. मागच्या आजाराची पट्टी पुरती सुटलेली नसे, त्यामुळे पुष्कळांनी खोकल्याचं औषध पोटदुखीच्या मापाने घेतलं आणि तरीही ते बरे झाले. रमची बाटली ज्यांच्याकडे येई, त्यांच्याकडे तीत मनीप्लँट वाढे. तो दिवाणखान्यात ठेवावा की मागच्या गॅलरीत, यावर त्या घरांत कायमचे मतभेद असत. काच आमच्याकडे आली होतीही कष्टाने. तळेगावचा काचकारखाना 1908 मध्ये उभा राहिला तो पैसा फंडातून, म्हणजे लोकांकडून अक्षरशः पैसा-पैसा गोळा करून. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. त्या कंदिलाची काच तडकली की ओल्या फडक्याने कुणी पुसली याची चौकशी दोन दिवस चाले.

काच म्हणजे मुळात वाळू. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत साधारण 1500 अंश सेल्सिअसला वितळवली की बाटल्या-तावदानांची काच होते. ती कुजत नाही, गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही, पावसात ती फुगत नाही. घर बांधणारा माणूस सामानाकडून याहून वेगळं काय मागतो? कचरा डेपोला मात्र नेमकं हेच नको असतं. पुन्हा वितळवली तरी तिच्या गुणात काही उणं येत नाही, कितीही वेळा वितळवा. जुनी काच भट्टीत घातली तर उलट इंधन वाचतं, दर दहा टक्क्यांमागे अडीच-तीन टक्के.

मग सगळीच काच परत भट्टीत का जात नाही? कारण भट्टीचं सोवळं फार कडक. पांढऱ्या काचेत हिरवी चालत नाही. तावदानाच्या काचेत बाटलीची चालत नाही. कपबशीचा एवढासा तुकडा चुकून आत गेला, तर तो न वितळता नव्या बाटलीच्या अंगात खडा होऊन बसतो आणि बाटली पुढे कधीतरी तिथेच फुटते. मोटारीच्या पुढच्या काचेच्या पोटात प्लास्टिकचा पापुद्रा, तोही आधी सोलून काढायचा. अशा नाना कारणांनी भट्टीच्या दारातून परत फिरलेल्या रंगीबेरंगी चुऱ्याला जायला जागा उरत नाही.

हे सगळं आमच्या भंगारवाल्याला एकही प्रबंध न वाचता ठाऊक आहे. बियरची अख्खी बाटली तो घेतो, कारण ती धुऊन पुन्हा भरली जाते. फुटकी दाखवली की न बोलता हातगाडी पुढे ढकलतो. वजनाला जड, भावाला हलकी आणि वर हात कापणारी चीज त्याने का घ्यावी? रोममधला त्याचा भाऊबंद मात्र दिलदार होता. पहिल्या शतकातल्या मार्शल नावाच्या कवीने टायबर नदीपलीकडच्या एका फेरीवाल्याची टिंगल केली आहे. फुटक्या काचेच्या बदल्यात गंधक लावलेल्या काड्या देत तो गल्लोगल्ली हिंडायचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्याला परिचयाची. हा काचेवर काड्या देणारा बोहारी. कवीला तो हलका माणूस वाटला. मला विचाराल तर त्या शहरात काचेची किंमत कळलेला तोच होता.

बाटलीचं घर करायचा विचार मात्र एका धनिकाच्या डोक्यात आला. 1960 च्या सुमारास डच बियर कंपनीचे आल्फ्रेड हाइनेकेन कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर गेले होते. तिथे त्यांना दोन गोष्टी दिसल्या: जिकडेतिकडे लोळणाऱ्या त्यांच्याच बाटल्या, आणि डोक्यावर धड छप्पर नसलेली माणसं. हॉलंडात रिकामी बाटली कारखान्यात परत येऊन पुन्हा पुन्हा भरली जाई. या बेटावरून रिकाम्या बाटल्या परत नेणं परवडणार नव्हतं. तुम्ही-आम्ही हळहळलो असतो आणि दुसरी बाटली उघडली असती. हाइनेकेननी जॉन हाब्राकेन या वास्तुकाराला गाठलं आणि बाटलीचीच वीट करता येईल का म्हणून विचारलं. 1963 मध्ये ती बाटली तयार झाली. अंगाने चपटी, आडवी रचायची, एकीची मान दुसरीच्या बुडातल्या खोबणीत बसवायची. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीला साधारण हजार बाटल्या.

हा हिशेब आपल्याकडे कळला असता तर घराघरांतले संवाद बदलले असते. "अहो, बांधकाम कुठवर आलं?" "आज शनिवार आहे, खिडकीपर्यंत आणतो." कुटुंबासाठी इतकं झिजायची संधी मराठी पुरुषाला इतिहासात दुसरी मिळालेली नाही. शेजारीपाजारीही मदतीला धावले असते. एरवी स्लॅबच्या दिवशी जे गावाला जातात, ते या स्लॅबला न बोलावता हजर. पण कंपनीतच या बाटलीला फारसे मित्र मिळाले नाहीत. हॉलंडात नोर्डवाइकला हाइनेकेनच्या इस्टेटीवर या बाटल्यांची एक लहानशी शेड उभी राहिली, आणि जगभरच्या बेघरांसाठी काढलेली वीट मालकाच्या बागेत अडकून पडली.

तरीही हाइनेकेनच्या बाटल्यांची वास्तू झालीच. फक्त ती थायलंडमध्ये झाली, साध्या गोल बाटल्यांची, आणि बांधली भिक्खूंनी. सिसाकेत प्रांतात वाट पा महा चेदी काएव नावाचा विहार आहे. तिथल्या भिक्खूंनी 1984 पासून बाटल्या जमवायला सुरुवात केली. हाइनेकेनच्या हिरव्या आणि चांग या थाई बियरच्या तपकिरी अशा सुमारे 15 लाख बाटल्या तिथे भिंतींत बसल्या आहेत, आणि बुचांच्या पत्र्यांची नक्षी झाली आहे. आता, मद्य वर्ज्य मानणं हे पंचशीलातलं पाचवं शील. म्हणजे विहाराला आणखी एक खोली काढायची, तर पंचक्रोशीत कुणीतरी पाचव्या शीलाशी तडजोड करत राहायला हवं. भिक्खूंनी याची उकल कशी केली असेल कोण जाणे. पिणाऱ्याला निदान अर्ध्या पुण्याची सोय झाली.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ऱ्होलाइट नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव होतं. 1906 मध्ये टॉम केली या गृहस्थाने तिथे सुमारे 50,000 बाटल्यांचं घर बांधलं, कारण वाळवंटात लाकूड मिळेना आणि गुत्ते मात्र भरपूर. सोनं संपलं, गाव उठलं. बाटल्यांचं घर अजून उभं आहे.

ही माणसं हौशी किंवा अडलेली म्हणून सोडून देता येईल. लॉरी बेकरांना सोडता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून हा इंग्रज वास्तुकार मायदेशी निघाला होता आणि बोटीची वाट पाहत मुंबईत अडकला होता. तिथे त्याची गांधीजींशी गाठ पडली. बेकरांच्या पायांत चिंध्यांपासून केलेले जोडे होते आणि गांधीजींचं लक्ष आधी तिकडे गेलं. पुढे बोलता बोलता गांधीजी म्हणाले, की आदर्श खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातूनच बांधलेलं असावं. बेकर इंग्लंडला जाऊन परत आले ते कायमचे. आधी पिठोरागडला आणि मग तिरुवनंतपुरमला राहून त्यांनी जन्मभर त्या पाच मैलांशी इमान राखलं. त्यांच्या 'हॅम्लेट' या स्वतःच्या घराच्या भिंतींत रिकाम्या बाटल्या बसवलेल्या आहेत. सकाळच्या उन्हात खोलीत रंग सांडतात, वीजबिल येत नाही. आर्किटेक्ट मंडळी बेकरांचं नाव आदराने घेतात आणि मग इटलीतून संगमरवर मागवतात.

मी आमच्या पुण्यातल्या घराभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढून पाहिलं. माती पेव्हर ब्लॉकखाली गेली आहे. दगड टेकडीत आहे, पण टेकडीला हात लावू नये असं आम्हीच सह्यांच्या मोहिमेत लिहून दिलंय. नदीत वाळू सोडून सगळं आहे. विपुल म्हणावं असं सामान दोनच प्रकारचं: टेकडीवर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींच्या बाटल्या, आणि पुनर्विकासाला काढलेल्या इमारतींची तावदानं. आमच्या गल्लीत एकेक जुनी इमारत पडते तेव्हा मी बघत उभा राहतो. सागवानी चौकटी आदल्या दिवशीच ठरलेल्या भावात जातात. ग्रिल जातात, नळ जातात, कमोडसुद्धा टेंपोत ऐटीत बसून जातो. काच मात्र राडारोड्यात. आणि तिच्या जागी जी नवी इमारत येते तिला वरपासून खालपर्यंत काचच काच, लांबून मागवलेली.

इथवर बाटली अख्खी होती म्हणून गोष्ट सोपी होती. काच फोडून काँक्रीटमध्ये घालायची म्हटलं की भांडण सुरू होतं. खडीऐवजी काचेचे तुकडे घालून पाहिलेल्या लोकांना सुरुवातीला फार छान वाटलं. काँक्रीट चमकत होतं. पुढे त्याला भेगा पडल्या. या दुखण्याचं मूळ टॉमस स्टँटन या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने 1940 मध्येच शोधून ठेवलं होतं, अर्थात काचेत नव्हे, काही ठरावीक जातींच्या खडीत. सिमेंटमधला अल्कली अशा खडीतल्या सिलिकाला विरघळवतो, त्याची खळ होते आणि ती पाणी पिऊन साबुदाण्यासारखी फुगते. काँक्रीटला फुगायला जागा नसते, म्हणून ते तडकतं. काच तर जवळजवळ पाऊण हिस्सा सिलिकाच.

पण हीच काच पिठाइतकी बारीक दळली, की ती भांडायचं सोडून सिमेंटच्याच बाजूने कामाला लागते. सिमेंट भिजताना जो चुना मोकळा होतो, त्याला धरून ती चिकट आणि टणक होते. नुसती फुगणं थांबवते असं नाही, दुसऱ्या खडीचं फुगणंही आवरते. मला हे वाचून थोडा धक्का बसला होता. पदार्थ तोच, घटक तेच, फरक फक्त दळणाचा. रोमन लोकांना हे वेगळ्या वाटेने साधलं होतं. नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख ते चुन्यात मिसळत. ही राख म्हणजे बव्हंशी निसर्गानेच दळून ठेवलेली काच. ती बांधकामं जवळपास दोन हजार वर्षं समुद्राच्या लाटा खात उभी आहेत.

माँट्रियलला ही युक्ती अलीकडे पुलांवर वापरली गेली. तिथल्या इल-दे-सेर भागातल्या डार्विन नावाच्या दोन पुलांच्या काँक्रीटमध्ये सुमारे 70,000 बाटल्यांची पूड आहे. ती सिमेंटच्या काही भागाऐवजी घातली. यामागचं संशोधन शेरब्रुक विद्यापीठात झालं आणि त्याला पैसे दिले क्वेबेकच्या सरकारी दारूविक्री महामंडळाने. सरकारने लोकांना दारू विकावी, रिकाम्या बाटल्यांवर प्राध्यापकांना कामाला लावावं आणि त्याच बाटल्यांवरून लोकांनी गाडी हाकावी, असं वर्तुळ मी कुठल्याच पंचवार्षिक योजनेत पाहिलेलं नाही.

सिमेंट वाचलं याचं मोल मोठं आहे. सिमेंटची भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे तापलेली चुनखडी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. कोळशाऐवजी सूर्यप्रकाश वापरला तरी ती सोडणारच. जगातल्या या वायूच्या उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा.

काचेच्या बाकीच्या नोकऱ्या बिनबोभाट चालू आहेत. रात्री महामार्गावर गाडीच्या दिव्यात ज्या पांढऱ्या पट्ट्या उजळतात, त्यांत काचेचे बारीक मणी असतात, बरेचदा जुन्या तावदानांच्या काचेचे. थंड देशांत भिंतीत भरायची काचलोकर जुन्या काचेतून निघते. काचेची पूड करून, फेस आणणारा पदार्थ मिसळून साधारण 800-900 अंशांना तापवली तर तिचा पावासारखा सच्छिद्र दगड होतो आणि तो पाण्यावर तरंगतो. घराच्या पायाखाली तो घालतात म्हणजे थंडी वर येत नाही. आमच्याकडे थंडी हा विषयच नसल्यामुळे मी तिकडे जास्त लक्ष दिलं नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. वाळूचा प्रश्न काच सोडवेल असं काही उत्साही लोक सांगतात, तेव्हा मला त्यांना भीमेच्या काठी रात्री दोन वाजता उभं करावंसं वाटतं. दिवे विझवून एकामागून एक जाणारे डंपर त्यांनी मोजावेत. जगात वर्षाला 4,000 ते 5,000 कोटी टन वाळू आणि खडी लागते. पृथ्वीवर वर्षभरात बनणारी सगळी काच, आरशांसकट, दळून टाकली तरी त्यातला शंभरावा हिस्सासुद्धा भरायचा नाही. शिवाय काच जड. ती गोळा करायची, धुवायची, दळायची आणि शेकडो किलोमीटर ट्रकने न्यायची, तर वाचलेलं सगळं डिझेलमध्ये जायचं. काच हे गल्लीतलं सामान आहे. जिथे फुटली, तिथे जवळपासच दळली आणि तिथल्याच भिंतीत गेली तर तिचा हिशेब जुळतो. गांधीजींच्या मनात बाटल्या नसणार, पण त्यांचे पाच मैल बाटल्यांना अगदी मापात बसतात.

आणि त्याआधी, बाटली न फुटलेली बरी. निलगिरीत तमिळनाडूच्या सरकारी दारू दुकानांनी 2022 पासून प्रत्येक बाटलीवर 10 रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली. रिकामी परत आणली की ते मिळतात. तिथे रानातून हिंडणाऱ्या हत्तींच्या पायांत काचा जाऊ लागल्या होत्या, म्हणून उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. दहा रुपयांसाठी माणूस डोंगर उतरून बाटली परत आणतो, यात मला मनुष्यस्वभावाबद्दल फार आश्वासक असं काहीतरी दिसतं.

फुटक्या वस्तूंची फरशी मात्र आपल्याकडे चांगली रुळलेली होती. मोझॅक म्हणजे संगमरवराचा चुरा सिमेंटमध्ये मिसळून घासलेली फरशी. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत ती असायचीच. गच्चीवर फुटक्या कपबश्यांचं आणि टाइलांचं चायना मोझॅक असायचं. नंतर समृद्धी आली तेव्हा लोकांनी हौसेने ती फरशी उखडून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, त्यांवरून घसरून कंबरा मोडून घेतल्या, आणि आता तीच जुनी फरशी काचेचे तुकडे घालून 'टेराझो' म्हणून चौपट दराने परत आली आहे. तिचाच एक जाडजूड भाऊ स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मिळतो. माझ्या मावशीच्या नव्या फ्लॅटचं काम चाललंय, तिथे सूनबाईंनी त्याचा नमुना आणला होता. पांढऱ्यावर हिरवे-तपकिरी ठिपके, दिसायला खरोखर देखणा.

"आई, यात बहुतेक सगळ्या जुन्या बाटल्याच आहेत," सून कौतुकाने म्हणाली.

मावशीने नखाने टकटक वाजवून पाहिलं. "कसल्या बाटल्या?"

"बियरच्या, वाइनच्या... अशाच."

"आणि मी गौरीचा नैवेद्य यावर करायचा?"

"अहो, धुऊन घेतात त्या."

"कशाने? गोमूत्राने?" मावशी एकादशीला नसलं तरी श्रावणात सगळं पाळते. मग तिने चष्मा वर केला आणि मुद्द्यावर आली. "ग्रॅनाइटपेक्षा किती महाग?"

सुनेने आकडा हळू आवाजात सांगितला. मावशी बराच वेळ त्या नमुन्याकडे बघत राहिली.

"अगं, जुन्या घराच्या माळ्यावर दोन पोती बाटल्या आहेत माझ्या. हॉर्लिक्सच्या, मधाच्या, ह्यांच्या टॉनिकच्या. एवढे पैसे द्यायचे तर त्याच ने की कोपऱ्यावरच्या गिरणीत. विचार, बारीक दळून देतोस का म्हणून. आणि हे बघ, गव्हावर नको म्हणावं. सगळ्यांची दळणं झाली, की शेवटी घाल."